आधी काठी, मग गळ

पट्टीबाईंसमोर ‘साधारण’ हा शब्द जपून वापरावा लागे. पाणी साधारण कमरेएवढे आहे, असे कुणी म्हटले की त्या चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कुणाच्या कमरेएवढं? तुझ्या की तुझ्या पोरीच्या?" समोरचा पुन्हा मोजायला जाई, कारण प्रश्न बरोबर असे.

त्यांचे खरे नाव नोकरीच्या कागदांवर होते आणि कागद कपाटात. गावाने त्यांना पट्टीबाई केले ते त्यांच्या कामामुळे. जुन्या पुलाच्या तिसऱ्या खांबावर एक पांढरी पट्टी आहे. तिच्यावर काळ्या रेघा आणि आकडे. नदीचे पाणी कुठल्या रेघेला टेकले आहे ते सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला पाहायचे, वहीत लिहायचे आणि पुराचा इशारा देणाऱ्या कचेरीला फोनवर कळवायचे, एवढीच ती नोकरी. बाईंनी ती एकतीस वर्षे केली. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही सकाळचा आकडा लिहून मगच त्या तयार व्हायला बसल्या. मुलगा झाला त्या दिवशी मात्र नवऱ्याला पाठवावे लागले. नवरा शिंपी, सगळे गाव त्यांना मास्तर म्हणे. मास्तरांनी आकडा आणला तो ‘साडेचार आणि वर दोन बोटं’. ती दोन बोटे बाईंनी अजून माफ केलेली नाहीत.

एका वर्षी पाणी झपाट्याने चढत असताना वरिष्ठांचा फोन आला. उद्या मोठी माणसे यायची आहेत, उगाच घबराट नको, आकडा जरा कमी सांगा, असा त्याचा मथितार्थ होता. बाई म्हणाल्या, "आकडा पाण्याचा आहे, माझा नाही. कमी करायचा तर पाण्याशी बोला." त्या वर्षी त्यांची बढती हुकली. खालच्या वस्त्यांतली माणसे गुराढोरांसकट वेळेवर हलली. बढतीचा विषय निघाला की मास्तर म्हणत, "लोक नदीशी भांडतात. आमच्याकडे नदीच्या बाजूनं भांडायची पद्धत आहे."

बाई निवृत्त झाल्या आणि खांबावर एक लोखंडी पेटी बसली. ती आपोआप आकडा कळवते. बाईंचे पाय मात्र सकाळी आठला आपोआप नदीकडे वळत. नुसते उभे राहिले तर लोक दहा प्रश्न विचारतात, म्हणून त्यांनी वडिलांचा जुना गळ बरोबर न्यायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी सात वर्षांची नात मागे लागली. ती अंगाने एवढीशी आणि सतत वळवळणारी, म्हणून घरात तिला चिंगळी म्हणत. पुढच्या रविवारी चिंगळीच्या दोन मैत्रिणी आल्या, मग त्या मैत्रिणींची भावंडे, मग ‘सहज आलो’ म्हणणारे त्यांचे बाप. वर्षभरात चौदा पोरांचा वर्गच भरू लागला. फी नव्हती, हजेरी नव्हती. नियम होते आणि त्यांत सूट नव्हती.

मुख्य नियम म्हणजे आधी काठी, मग गळ. प्रत्येक पोराची स्वतःची काठी असे आणि त्या काठीवर त्या पोराच्या गुडघ्याइतक्या उंचीवर लाल रेघ. माप मास्तर घेत. पोराला दुकानातल्या आरशासमोर अनवाणी उभे करायचे, गळ्यातली टेप काढायची आणि टाचेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत मोजायचे. वाढदिवस आला की पुन्हा माप, जुनी रेघ खरवडायची, नवी ओढायची. मास्तरांच्या वहीत पुढच्या पानांवर गावाच्या छात्या आणि कंबरा होत्या, शेवटच्या पानावर चौदा गुडघे. नदीवर कुठेही बसायचे असेल तर काठावरून तीन पावले आत जायचे आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी पुढे काठी टेकवायची. लाल रेघ कोरडी राहिली तर गळ मिळे. भिजली तर जागा बदलायची, मग समोर मासे नाचत का असेनात.

गळाच्या टोकाला असतो तो उलटा काटा बाई कानशीने घासून काढत. त्यामुळे निम्मे मासे सुटत. पोरे कुरकुर करत, बाप जास्त कुरकुर करत. बाई सांगत की मासा सुटला तर दुसरा आहे, बोटे मोजकीच आहेत. आणि दिवसभरात काहीच न मिळालेले पोर रडवेले झाले की म्हणत, "आज मासा जिंकला. त्यालाही कधी जिंकू द्यावं."

हा वर्ग भरे तो नव्या पुलाखाली. तिथे नदी गोट्यांवरून पसरते आणि अखंड बडबडत असते. पोरे त्या जागेला खळखळ म्हणत. मोठ्या माणसाच्या पोटरीच्या वर पाणी चढत नाही, गोट्यांच्या आडोशाला बोटभर मासे असतात आणि पुलाची सावली अकरापर्यंत टिकते. बाईंच्या मते मुलांना घेऊन बसायला अख्ख्या नदीवर तिच्याइतकी चांगली जागा नव्हती, आणि बाईंनी अख्खी नदी पाहिली होती.

घरात पुढे मास्तरांचे दुकान आणि मागे दोन खोल्या. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवी, आठवड्यातले दोन दिवस घरी. सून नगरपालिकेत कारकून. शांत, नेटकी, फायलींच्या कडा जुळवून ठेवणारी. पाण्याची तिला आवड नव्हती. रविवारी ती केस धुई आणि घरातल्या शांततेचा उपभोग घेई. सासूबद्दल तिला आदर होता, पण आपले काम त्यांना कधी मोठे वाटले नाही, अशी एक सल होती. म्हणून एका बुधवारी ती हातात पत्रक घेऊन आली तेव्हा चपलाही न काढता आधी सासूकडे गेली. पत्रक तिने स्वतः तयार केले होते. मजकूर टाइप तिने केला होता, फोटो तिने लावले होते, छापखान्यात दोनदा तीच जाऊन आली होती. शाईचा वास अजून गेला नव्हता.

पत्रकाचे नाव होते ‘मुलांसह मासे पकडण्याची पाच सुरक्षित ठिकाणे’. बाहेरगावची कुटुंबे सुटीच्या दिवशी नदीवर यावीत, गावाच्या दुकानांना चार गिऱ्हाइके मिळावीत, असा नगरपालिकेचा विचार होता आणि विचार वाईट नव्हता. येत्या रविवारी सकाळी उद्घाटन होते. बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि पहिले ठिकाण वाचले. वाळूचा डोह. पाणी संथ, उतार सोपा, बसण्यास नवा लाकडी ओटा, लहान मुले पाण्यात उभी राहू शकतात. मग शेवटची सूचना वाचली. नव्या पुलाखाली प्रवाह जोराचा असल्याने मुलांना नेऊ नये, तेथे मनाईचा फलक लावण्यात येत आहे.

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. पण ती माणसांना लावायची, तीही दुसऱ्या माणसांना. नगरपालिकेतल्या कुणालाही ती पाण्याला लावून बघावीशी वाटली नव्हती.

"छपाई छान झालीय," बाई म्हणाल्या. सून खुलली. मग बाईंनी विचारले, "हा डोह कुणी मोजला?"

सुनेचा चेहरा उतरला. इंजिनियरांनी मोजला असेल, ती म्हणाली, आणि चपला काढायला गेली.

वाळूचा डोह बाईंना माहीत होता. नवा पूल बांधताना सगळी वाळू तिथूनच उपसली होती. पण ऐकीव किंवा आठवणीतल्या गोष्टीवर बोलायची त्यांना सवय नव्हती. गुरुवारी सकाळी त्या एकट्या डोहावर गेल्या, कमरेला दोर बांधला, दुसरे टोक झाडाला बांधले आणि काठी घेऊन उतरल्या. पहिल्या पावलाला पाणी घोट्यापर्यंत. दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत. तिसऱ्या पावलाआधी काठी पुढे टेकवली तर ती टेकलीच नाही. अख्खी काठी गेली आणि हात कोपरापर्यंत ओला झाला. बाई दहा हात बाजूला सरकल्या, पुन्हा तेच केले. मग आणखी दहा हात. एक आकडा म्हणजे अफवा, दोन आकडे म्हणजे भांडण, तीन आकडे म्हणजे नोंद, असे त्यांचे मत होते. नोंद झाल्यावर त्या कपडे बदलून नगरपालिकेत गेल्या.

अध्यक्षांनी त्यांना बसवले, चहा मागवला. अध्यक्ष सिमेंट-विटांचे व्यापारी, बोलायला गोड. लहानपणी आईने त्यांना कधी पाण्याजवळ जाऊ दिले नव्हते, हे बाईंना आठवत होते. अध्यक्षांनी सगळे ऐकून घेतले आणि इंजिनियरला बोलावले. इंजिनियर तरुण होता, नोकरीला आठ महिने झालेले. तो म्हणाला की मोजणी झाली आहे, पाणी साधारण गुडघाभर आहे.

"किती पावलं आत गेला होतात?" बाईंनी विचारले.

इंजिनियरने खाली पाहिले. बाईंनीही त्याच्या नजरेमागून पाहिले. तपकिरी, चकचकीत, लेसचे बूट होते. त्या बुटांनी नदी पाहिली होती, पण लांबून.

मग अध्यक्ष समजावणीच्या सुरात बोलले. डोहाचा फोटो सुंदर येतो, आभाळ दिसते त्यात. पुलाखालच्या जागेचा फोटो काढला तर नुसते दगड दिसतात. ओटा बांधून झाला आहे, दोन हजार पत्रके छापून झाली आहेत. एवढ्याशा शंकेवरून आता मागे कसे जायचे? बाईंच्या वयाचा मान ठेवून त्यांनी एक तोडगाही काढला. "बाई, तुमचं पट्टीचं काम आता पेटी करते. तुम्ही रविवारी प्रमुख पाहुण्या म्हणून या. फीत तुमच्या हातानं कापू."

"रविवारी मी येणारच आहे," बाई म्हणाल्या. "फीत कापायला नाही. बसायला."

चहा तसाच ठेवून त्या उठल्या. अध्यक्षांना वाटले, म्हाताऱ्या माणसांना बसायला आवडते.

संध्याकाळी घरी वादळ होते, पण आवाज नव्हता. सून भाजी चिरत होती आणि सुरी लाकडावर जरा जास्तच जोरात पडत होती. मास्तर एका शर्टाचे काज करण्यात गुंतल्याचे दाखवत होते.

"आई, तुम्ही साहेबांच्या खोलीत गेलात. मला निदान सांगायचं तरी. सगळं ऑफिस मला विचारत होतं."

"तुला सांगून गेले असते तर तुला अडवावं लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

"ते पत्रक माझ्या हातचं आहे."

"शब्द तुझ्या हातचे आहेत. पाणी नाही."

सुनेने सुरी खाली ठेवली. "माझी नोकरी तिथं आहे, आई. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही."

"मासा असता तर केलंही नसतं," बाई म्हणाल्या. "माशाला पाणी कळतं तरी."

मास्तरांना हसू आले, ते त्यांनी दाताखाली धाग्याबरोबर दाबले. बाईंनी मग सरळ विचारले की तू तो डोह पाहिलास का. सून म्हणाली, मला कुठे वेळ असतो, मला जे लिहून देतात ते मी टाइप करते. हे ती चिडून म्हणाली खरी, पण म्हणताना तिलाच ते कमी वाटले. तेवढ्यात कोपऱ्यात आपली काठी पुसत बसलेली चिंगळी म्हणाली, "आई, तुझी काठी कुठाय?"

सुनेने पुन्हा सुरी उचलली. शुक्रवारी दोघी गरजेपुरत्या बोलल्या. मीठ, किल्ली, दूधवाला.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असे, पण सून उन्हे उतरताना घरी आली आणि कुणाशी न बोलता थेट न्हाणीघरात गेली. मास्तरांच्या एवढे लक्षात आले की चिंगळीची काठी दुपारभर कोपऱ्यात नव्हती आणि आता होती. शिंपी माणसाला घरोघरची मापे माहीत असतात, म्हणून त्याने तोंड शिवलेले बरे, असे ते म्हणत.

रविवारी सकाळी बाई मागच्या दाराने घडीची खुर्ची काढायला गेल्या. दोरीवर सुनेचा ऑफिसचा फिकट निळा ड्रेस वाळत होता. खंगाळून टाकला होता, तरी छातीच्या उंचीवर चिखलाची पिवळट रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत राहिली होती. बाईंनी ती रेघ वाचली. एकतीस वर्षांची सवय होती. पाणी कुठपर्यंत चढले होते ते त्यांना कळले आणि त्या तशाच मागे फिरल्या, कारण सुनेला पोहता येत नव्हते. घरात पाहिले तर सून केव्हाच गेली होती. उद्घाटनाला स्वागताचे टेबल तिच्याकडे होते.

साडेसातला बाई डोहावर पोचल्या. नवा ओटा पॉलिशने चमकत होता. त्याच्या शेजारी काठ सोपा उतरता होता आणि तिथूनच पोरे पाण्यात उतरणार हे कुणीही सांगितले असते. बाईंनी बरोबर त्या उताराच्या तोंडाशी खुर्ची उघडली, बसल्या, पायाशी दोराचे भेंडोळे ठेवले आणि बाजूला वेगवेगळ्या उंचीवर लाल रेघ ओढलेल्या वीस काठ्यांची मोळी. आठपर्यंत चाळीसेक कुटुंबे जमली. डबे, चटया, टोप्या, नवे कोरे गळ, पोरांचा कलकलाट. बाईंचे चौदाही आले होते, आपापल्या काठ्या घेऊन.

बाहेरगावचा एक बाप पोराचा हात धरून उताराकडे आला. बाईंनी ओरडा केला नाही. पोराची उंची नजरेने मापली, मोळीतून एक काठी काढली आणि बापाच्या हातात दिली. "तीन पावलं आत जाईपर्यंत टेकवत जा. लाल रेघ कोरडी राहिली तर मी उठते." बाप हसला, बाईंचा चेहरा पाहून हसायचा थांबला, आणि पोराला मागे ठेवून उभा राहिला. मग दुसरा आला, त्यालाही काठी. थोड्या वेळाने उतारापाशी दहाबारा माणसे हातात काठ्या घेऊन उभी होती आणि पुढे जायला कुणी तयार नव्हते. काठी हातात आली की माणूस विचार करू लागतो.

अध्यक्ष आले. प्रकार पाहून त्यांचा गोडवा जरा आटला. कार्यक्रमाला उशीर होतोय, बाजूला व्हा, असे त्यांनी दोनदा सांगितले.

"बसलेय," बाई म्हणाल्या. "उठवायचं तर खुर्चीसकट उचला. पण उचलून ठेवाल कुठं ते बघा. मागं जागा नाही आणि पुढं तळ नाही."

अध्यक्षांनी नगरपालिकेच्या पहारेकऱ्याकडे पाहिले. पहारेकरी हा चांगला दणकट गडी, पण त्याची धाकटी बाईंच्या चौदांपैकी एक होती. त्याने टोपी काढली, आत काहीतरी शोधले आणि पुन्हा घातली. साहेबांना न विचारता म्हाताऱ्या बाईला हात लावता येत नाही, असे तो म्हणाला. साहेब समोरच उभे आहेत हे कुणीतरी त्याच्या लक्षात आणून दिले. तेव्हा लेखी लागेल, असे तो म्हणाला.

गर्दीच्या कडेला इंजिनियर उभा होता. बाईंनी त्याला बोटाने बोलावले. तो आला. बाईंनी आवाज चढवला नाही, पण आजूबाजूला शांतता झाली होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेले.

"बूट काढा," त्या म्हणाल्या.

तो क्षणभर अध्यक्षांकडे पाहत राहिला. मग खाली बसला आणि लेस सोडू लागला. बूट, मोजे, विजारीच्या घड्या. बाईंनी त्याच्या हातात काठी दिली, कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरे टोक पहारेकऱ्याच्या हातात दिले. याला लेखी लागत नव्हते. इंजिनियर उतरला. एक पाऊल, घोटा. दुसरे पाऊल, गुडघा. इथे तो वळून काही बोलणार होता, बहुतेक ‘बघा, गुडघाभर’ असेच. काठी टेकवायची तो विसरला आणि बोलता बोलता तिसरे पाऊल पडले.

तो गळ्यापर्यंत गेला, मग डोक्यापर्यंत. पहारेकऱ्याने आणि दोन बापांनी दोर ओढला. सगळे मिळून चार सेकंदांचा खेळ. तो काठावर आला तेव्हा खोकत होता आणि त्याची काठी डोहाच्या मधोमध तरंगत होती. कुणी हसले नाही. बायकांनी पोरांचे दंड धरले होते. इतके घट्ट की दोन पोरे रडू लागली.

इंजिनियरने तोंड पुसले. अध्यक्ष काही बोलण्याच्या आधी तोच बोलला. "साहेब, मी त्या दिवशी बूट काढले नव्हते. काठावरूनच बघितलं होतं."

या एका वाक्याबद्दल बाईंनी पुढे त्याला सगळे माफ केले. मास्तरांच्या दोन बोटांपेक्षा लवकर.

अध्यक्षांनी मात्र माफी मागितली नाही की जागा चुकली असेही म्हटले नाही. उताराला नंतर कठडा घालू, आज मुलांनी ओट्यावरच बसावे आणि पत्रकाप्रमाणे कार्यक्रम पार पाडावा, अशी त्यांनी घोषणा केली. तेव्हा लोकांनी स्वागताच्या टेबलावर मिळालेली पत्रके उघडली. पहिले ठिकाण प्रत्येक पत्रकात खोडलेले होते. घाईघाईने नाही. पट्टी लावून, लाल पेनने, सरळ एका रेघेत. शेवटची मनाईची सूचनाही तशीच खोडलेली.

सगळ्यांच्या माना स्वागताच्या टेबलाकडे वळल्या. सून तिथे उभी होती. समोर पत्रकांचे दोन गठ्ठे होते, एक खोडून झालेला, एक व्हायचा. तिने अध्यक्षांकडे पाहिले, सासूकडे पाहिले, मग खाली बसून पुढच्या पत्रकावर पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. कडा जुळवून ते पहिल्या गठ्ठ्यावर ठेवले.

पुढे काही ठरवावे लागले नाही. चिंगळीने काठी खांद्यावर टाकली आणि खळखळीची वाट धरली. तिच्यामागे तेरा, त्यांच्यामागे चाळीस कुटुंबे, डबे आणि चटयांसकट. पुलाखाली मनाईचा नवा फलक होता. त्याला पोरांनी टोप्या आणि दप्तरे अडकवली. इतकी की मजकूर दिसेना. अकरापर्यंत पुलाच्या सावलीत मोजून साठ पोरे पाण्यात पाय सोडून बसली होती आणि नदी त्यांच्याहून जास्त बडबडत होती. मासे एकूण नऊ मिळाले. तेही परत सोडले.

मंगळवारी सुनेला नोटीस आली. नगरपालिकेच्या छापील साहित्याची नासधूस का केली, याची कारणे तीन दिवसांत दाखवावीत. घरी तिने ती सासूसमोर ठेवली. बाईंना वाटले, आता आपण लिहून द्यावे, सगळे आपल्या अंगावर घ्यावे. त्या तसे म्हणाल्याही. सून म्हणाली, "नाही आई. माझं पत्रक आहे." तिने एका ओळीत उत्तर टाइप केले. कारण: शनिवारी दुपारी मी चपला काढून स्वतः पाहिले.

ते उत्तर मान्यही झाले नाही आणि अमान्यही. फाइलमध्ये गेले. महिन्याभराने तिची बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर झाली. ही शिक्षा आहे हे सगळ्यांना कळत होते. घरी मास्तरांनी हळूच विचारले की कसे आहे नवे टेबल. ती म्हणाली, "काम कमी आहे, बाबा. थोडं आम्हीच कमी करून ठेवलंय."

डोहावर कठडा आला नाही. ओटा आहे, ‘सुरक्षित ठिकाण’ असा फलकही आहे. तो उतरवायचा तर चूक झाली असे कुठेतरी लिहावे लागते. मग मास्तरांच्या दुकानाच्या काचेवर आतून एक कागद लागला. मजकूर बाईंचा, टाइप सुनेचा. मुलांना घेऊन मासे धरायला जायचे असेल तर पहिली जागा खळखळ. आवाजाला घाबरू नये. जुन्या छापखान्यामागची वाळू सकाळी दहापर्यंत बरी, मासे कमी पण सावली भरपूर, घाईच्या बापांनी येऊ नये. ओढा नदीला मिळतो तिथला सपाट खडक पाच वर्षांखालच्यांसाठी, मात्र आदल्या दिवशी वरती पाऊस झाला असेल तर मुळीच नाही. वाळूच्या डोहावर पोहणाऱ्या मोठ्यांनीही जाऊ नये. आणि कुठेही गेलात तरी आधी काठी. गुडघ्याचे माप आत मोफत घेतले जाईल. दोनदा नगरपालिकेचा माणूस येऊन कागद काढा म्हणाला. मास्तर म्हणाले, काच माझी, कागद माझा, आणि तुमच्या विजारीची शिलाई उसवलीय, बसा, घालून देतो.

बाई मात्र कागदावर विसंबल्या नाहीत. जोवर तो फलक तिथे आहे तोवर दर रविवारी साडेसातला खुर्ची डोहाच्या उतारावर, आणि नवखे कुटुंब आले की त्याला खळखळीची वाट दाखवायची. लोकांना वाटले, दोन आठवडे बसतील. त्या सतरा रविवार बसल्या.

अठराव्या रविवारी त्या खुर्ची काढायला मागच्या दारी गेल्या तर खुर्ची जागेवर नव्हती. दुकानात दिवा होता. आरशासमोर सून अनवाणी उभी होती, मास्तर खाली वाकून तिच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप धरत होते आणि चिंगळी मोठ्या माणसाच्या गांभीर्याने वहीत आकडा लिहीत होती. पंधरावा गुडघा. भिंतीला एक कोरी काठी टेकवलेली होती आणि तिच्या शेजारी घडी केलेली खुर्ची.

"साधारण अठरा इंच," मास्तर म्हणाले.

"साधारण?" बाई दारातून म्हणाल्या.

"साडेअठरा," सून म्हणाली. मास्तरांनी काठीवर तेवढ्या उंचीला लाल रेघ ओढली. सुनेने काठी घेतली, रेघ वाळली का ते बोट लावून पाहिले आणि खुर्ची काखेत मारली. "तुम्ही आज खळखळीवर जा, आई, पोरं वाट बघतायत. डोहावर माझी पाळी."